सहावा वाढदिवस माथेरानला, एका दिवसात: गाडी, केक, आजोबांचे गुडघे

डोंबिवली_पूर्व

लेक फेब्रुवारीत सहा पूर्ण करतोय. या वेळी हॉल, जादूगार, रिटर्न गिफ्ट यातलं काही नको असं घरात ठरलंय. त्याला झुकझुक गाडीचं भयंकर वेड, म्हणून सकाळी निघून रात्री घरी, असं माथेरान करावं म्हणतोय. वार रविवार आहे.

माणसं आठ: आम्ही दोघं, आजी-आजोबा, आत्या, नऊ वर्षांचा आतेभाऊ, उत्सवमूर्ती आणि त्याची तीन वर्षांची बहीण. आजोबा सपाटीवर अर्धा तास आरामात चालतात, चढ-उतार आला की गुडघे बोलतात. धाकटीला घाटात गाडी लागते.

नेरळहून पूर्ण मिनी ट्रेन घ्यावी की टॅक्सीने दस्तुरीपर्यंत (गाड्या थांबतात तो नाका) जाऊन पुढे छोट्या टप्प्याची शटल गाडी? केक इथून न्यायचा तर कसा? डब्यात काय टिकेल? सहा वर्षांच्या मुलाला घोड्यावर बसवावं का? माहीतगारांनी सांगा, प्लीज.

---

रुळांच्या_कडेने

पूर्ण गाडी नको, शटल घ्या. कारणं सांगतो.

नेरळ ते माथेरान लाइन साधारण २१ किलोमीटरची, आणि वर जायला अडीच तासांहून जास्त लागतात. पहिला अर्धा तास मुलं खिडकीला चिकटलेली असतात, 'वन किस' बोगद्यात ओरडून घेतात, मग भूक, तहान आणि शू यांची पाळी. डब्यात स्वच्छतागृह नाही. तीन वर्षांच्या मुलीला घेऊन हे अवघड आहे. दुसरं, तिकीट खिडकीवरच मिळतं, गाडी सुटायच्या साधारण पाऊण तास आधी, रांगेच्या क्रमाने. जागा मोजक्या. रविवारी एकदम आठ तिकिटं मिळतील या भरवशावर वाढदिवस उभा करू नका. पाच मिळाली आणि तिघं खाली राहिले, तर पुढचा सगळा दिवस फोनवर जातो, आणि वर रेंज बेताचीच.

शटल धावते अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) ते माथेरान. अंतर तीनेक किलोमीटर, वेळ वीस मिनिटांच्या आसपास. तेच रूळ, तसेच डबे, गर्द झाडीतून वळणं. सहा वर्षांच्या मुलाचं समाधान व्हायला एवढं पुरतं. शिवाय एक हुकली तर पुढची असते. इथेही आगाऊ आरक्षणाच्या भरवशावर राहू नका. एकाने धावत पुढे जाऊन रांग धरायची, बाकीच्यांनी आजोबांच्या चालीने यायचं.

नेरळला उतरलात की लगेच टॅक्सीकडे पळू नका. शेजारीच छोट्या गाडीचा फलाट आहे. दहा मिनिटं तिथे द्या. लोकलचे रूळ ५ फूट ६ इंच रुंद, याचे फक्त २ फूट. मुलाला दोन्हींच्या कडेला उभं करून पावलांनी मोजायला लावा. सकाळची गाडी लागलेली असेल तर इंजिन अगदी जवळून दिसतं. त्याच्यासाठी थोडी गोष्ट: ही लाइन पीरभॉय कुटुंबाने बांधली, १९०७ मध्ये सुरू झाली. २००५ च्या आणि २०१९ च्या पावसात ती वाहून गेली. दुसऱ्या वेळी पूर्ण मार्ग सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडलं. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज टप्पा बंद ठेवतात तो याच कारणाने, शटल मात्र तेव्हाही चालते.

लोकलच्या तिकिटाचं: पाच वर्षांखाली फुकट, पाच ते बारा अर्धं. म्हणजे तुमची दोन अर्धी, धाकटी फुकट. शनिवारी रात्री मेगाब्लॉकचं (रविवारी दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवतात त्याचं) वेळापत्रक नक्की बघा. पहाटे निघालात तर ब्लॉकच्या आधी सुटता, त्रास झाला तर परतीला.

---

दस्तुरी_ते_बाजार

वरचं सगळं मान्य. आजोबांच्या बाजूने थोडं.

माथेरानमध्ये खाजगी वाहन नाही. गाडी असो की टॅक्सी, दस्तुरी नाक्याला थांबते. तिथे नगरपरिषदेचा प्रवासी कर माणशी भरायचा. सुट्टे पैसे जवळ ठेवा, ऑनलाइन चाललं तर चाललं. पुढे अमन लॉज स्टेशन दहा मिनिटांच्या आत, तेवढं ते चालतील. माथेरान स्टेशन तर थेट बाजारात आहे, म्हणजे उतरल्यावर पुन्हा चढ नाही. शटल हुकली तर ई-रिक्षा आहे, पण संख्या कमी आणि रविवारी रांग मोठी. त्या रांगेत फक्त आजी-आजोबांना उभं करा, धडधाकट माणसांनी चालत जावं. दस्तुरी ते बाजार लाल मातीच्या आणि पेव्हर ब्लॉकच्या रस्त्याने पाऊण तास, मुलं बरोबर असली तर तास धरा. माणसाने ओढायच्या हातरिक्षा बंद करायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला आहे, तो पर्याय डोक्यातच ठेवू नका.

बाबागाडी आणू नका. पेव्हरवर चाकं थडथडतात, मातीत रुततात, शेवटी ती काखोटीला मारून फिरावं लागतं. तीन वर्षांच्या मुलीसाठी पाठीवरची कॅरियर बॅग असेल तर उत्तम, नसेल तर जुनी मऊ ओढणी घ्या, कडेवर घेतल्यावर खांद्याला आधार होतो.

आता पॉइंट. यादीत तीसेक नावं असतात आणि घोडेवाले 'बारा पॉइंट, सात पॉइंट' असे हिशेब सांगतात. तुम्ही दोनच करा. जेवणाआधी शार्लोट लेककडचा भाग: तळं, जवळच लॉर्ड पॉइंट आणि इको पॉइंट. बाजारापासून एका बाजूला साधारण दोन किलोमीटर. इकोला ओरडायला मिळतं, तेवढं मुलांना पुरे. तळ्यात उतरायचं नाही, कडा निसरडी आहे आणि ते पिण्याचं पाणी आहे. आजोबा-आजींनी तेवढ्या वेळात माधवजी पॉइंट-खंडाळा पॉइंट करावं, दोन्ही बाजाराजवळ, बसायला जागा, दरीचं दर्शन फुकट. दुपारनंतर सगळ्यांनी मिळून परत तिथेच. सूर्यास्तासाठी पोर्क्युपाइन पॉइंटला थांबायचा मोह आवरा. सूर्य बुडाल्यावर तिथून बाजार, बाजारातून दस्तुरी, हे अंधारात आणि सगळं गाव एकाच वेळी निघालेलं असतं.

पॉइंटवर कठडा सगळीकडे नाही. जिथे आहे तिथेही मुलाला त्यावर उभं करून फोटो काढतात लोक. वाढदिवसाच्या फोटोसाठी कठड्यापासून चार पावलं आत बसवा, दरी मागे तशीही दिसतेच.

---

पितळी_डबा

केक आणि डब्याचं मी घेते.

क्रीमचा केक नेऊ नका. बेकरीतलं व्हिप्ड क्रीम फ्रिजमधून काढल्यावर तास-दोन तासांत मऊ पडायला लागतं. त्यात लोकलची गर्दी, घाटातली वळणं आणि दस्तुरीचं ऊन. बाराला पेटी उघडाल तेव्हा नाव एका बाजूला आणि मुलाचं तोंड दुसऱ्या. शिवाय पुठ्ठ्याची पांढरी पेटी माकडांना लांबून ओळखू येते. खाऊ तसाच येतो हे त्यांना पाठ आहे.

रव्याचा केक करा, आदल्या दिवशी. आठ जणांसाठी: बारीक रवा २ वाट्या, साखर दीड वाटी, आंबट नसलेलं दही १ वाटी, दूध १ वाटी, पातळ तूप किंवा तेल अर्धी वाटी, चिमूटभर मीठ, वेलची. सगळं कालवून अर्धा तास झाका, रवा दूध पिऊन फुगतो. घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध आणखी. भांड्यात ओतायच्या अगदी आधी १ चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा खायचा सोडा. आधी घालून ठेवलात तर बुडबुडे निघून जातात आणि केक दडस होतो. जाड बुडाच्या कढईत तळाला मीठ, वर स्टँड, झाकण लावून दहा मिनिटं तापवा, मग तूप लावलेलं भांडं ठेवून मंद आचेवर ४० ते ५० मिनिटं. पहिला अर्धा तास झाकण उघडायचं नाही, मध्ये खड्डा पडतो तो त्याने, किंवा सोडा जास्त झाल्याने. सुरी कोरडी निघाली की झाला. पूर्ण गार झाल्यावर, म्हणजे रात्री, उलटा करा. गरम कापला तर चुरा हातात येतो.

न्यायचा अख्खा, त्याच मापाच्या स्टीलच्या डब्यात, खाली-वर बटर पेपर. '६' आकड्याची मेणबत्ती आणि काडेपेटी वेगळ्या छोट्या डबीत. मेणबत्ती उघड्यावर, झाडाखाली लावू नका. फेब्रुवारीत पानगळ सुरू असते, पाचोळा वाळलेला आणि वर वारा. ठिणगी उडवणाऱ्या त्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या तर अजिबात नकोत. बाजारातल्या ज्या खानावळीत जेवाल तिथे मालकाला आधी विचारा: 'आमच्या मुलाचा वाढदिवस आहे, घरचा केक टेबलावर कापला तर चालेल ना?' जेवण त्यांच्याकडे असेल तर बहुतेक नाही म्हणत नाहीत. एखाद-दोन तुकडे काउंटरवरच्या माणसाला द्या. फुगेही घरीच ठेवा. फुटून जंगलात पडलेलं रबर जनावरं गिळतात.

दुपारचं जेवण थाळीचं ठरवा, डबा फक्त सकाळ-संध्याकाळपुरता. आठ जणांना तिखटमिठाच्या पुऱ्या: अर्धा किलो कणीक, ३ टेबलस्पून कडकडीत तेलाचं मोहन, तिखट, हळद, मीठ, ओवा, तीळ, घट्ट भिजवून छोट्या लाटल्या तर ३५ ते ४० होतात. तळून कागदावर पूर्ण गार करा आणि मग भरा. गरम भरल्या की डब्यात वाफ धरते, त्याने पुऱ्या लोळतात आणि दुपारपर्यंत वास येतो. सोबत सुकी बटाट्याची भाजी एक किलोची. कांदा आणि ओलं खोबरं घालू नका, दोन्ही लवकर आंबतं.

लहानांसाठी दहीभात, पण दह्यात कालवलेला नाही. तो दुपारी आंबट ढाण होतो. दीड वाटी तांदूळ मऊ शिजवा, हाताला कोमट लागेल इतपत निवला की सव्वादोन वाट्या कोमट दूध आणि फक्त २ चमचे दही, मीठ, जिरं-कढीपत्त्याची फोडणी. पहाटे पाचला कालवला की बाराच्या सुमारास बरोबर विरजतो. डबा तीन-चतुर्थांशच भरा. काकडी किसून घालू नका, पाणी सुटतं.

पाणी माणशी एक लिटर घरून. वर बाटल्या मिळतात, पण प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, कचऱ्यासाठी एक कापडी पिशवी घ्या आणि ती खाली परत आणा.

औक्षण मात्र पहाटे घरी करून घ्या. ताम्हण, निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता हे सगळं वर न्यायची काही गरज नाही. नवे कपडे तेव्हा घालू दे, फोटो काढा आणि निघताना बदला. माथेरानची लाल माती पांढऱ्यावर बसली की बसली. लागलीच तर ओली असताना चोळू नका. वाळू द्या, झटका, मग गार पाण्यात बुडवा आणि शेवटी साबण.

---

नकारघंटा

सगळे उत्साहात आहेत म्हणून कुणीतरी थंड पाणी ओतायला हवं. फेब्रुवारीतला रविवार म्हणजे दस्तुरीला पार्किंगपासून शटलपर्यंत सगळीकडे रांग. आठ माणसं, त्यात दोन वयस्क आणि एक तीन वर्षांची. पहिलीतल्या मुलाची एक शाळा बुडाली तर काही बिघडत नाही. तिथीने वाढदिवस कधी येतोय ते कालनिर्णयात बघा. मंगळवार-बुधवारी आला तर तारखेला घरी औक्षण आणि शिरा, तिथीला माथेरान. आजी खूश, गर्दी निम्मी.

रविवारच हवा असेल तर डोंबिवलीहून सहाच्या आत कर्जत लोकल पकडा. सात वाजता नेरळ. साडेआठच्या पुढे दस्तुरीला पोचलात तर नियोजन फक्त कागदावर राहील.

---

डोंबिवली_पूर्व

तिथीची आयडिया आईंना सांगितली, त्या लगेच पंचांग घेऊन बसल्या! तिथी गुरुवारी येतेय, बहुतेक तेच करू.

दोन गोष्टी राहिल्या. धाकटीचं घाटात उलटीचं काय करायचं? आणि घोडा?

---

दस्तुरी_ते_बाजार

घाट छोटा आहे पण चढ आणि वळणं तीव्र. पहाटे दूध देऊ नका, उलटीत पहिलं तेच येतं. कोरडी पोळी किंवा मूठभर कुरमुरे, आणि निघण्याआधी तासभर काही नाही. अगदी उपाशीही ठेवू नका. नेरळहून शेअर टॅक्सी सीटवर भरते आणि मुलांना मागे कोंबतात, त्यापेक्षा आठ जणांत पूर्ण टॅक्सीच करा. मधल्या सीटवर खिडकी उघडी, नजर बाहेर लांबवर, मोबाइल बंद. औषध द्यायचं तर वजनानुसार तिच्या डॉक्टरांना विचारूनच, आणि ते आधी अर्धा-एक तास द्यावं लागतं, घाटात शिरल्यावर देऊन उपयोग नाही. दोन जाड कागदी पिशव्या हाताशी, बॅगेच्या तळाशी नव्हे.

घोडा: सहा आणि नऊ वर्षांच्यांना चालेल, तीनला नाही. मोठ्या माणसाच्या पुढ्यात धाकटीला बसवूनही नाही. घोडा बुजला तर दोघं एकदम पडतात. मोठ्या मुलांनाही एका घोड्यावर एकच. सहा वर्षांच्याचे पाय रिकिबीत पोचत नाहीत, घोडेवाल्याला पट्टे आखूड करायला सांगा. नाही झाले तर तो घोडा घेऊ नका. लगाम घोडेवाल्याच्या हातात आणि तो पायी सोबत. मुलाने खोगिराची पुढची कडी दोन्ही हातांनी धरायची. 'जरा पळवतो' म्हणाले की आधीच नाही सांगा. सायकलचं हेल्मेट असेल तर घेऊन या, वर मिळेल याची खात्री नको. घोड्याच्या मागून कुणी जायचं नाही, विशेषतः आतेभाऊ.

दरपत्रकाचा फलक असतो, तो वाचून मग बोला. कुठून कुठपर्यंत, किती वेळ, थांबायचं किती, हे चारही आधी ठरवा. भांडणं पैशावरून कमी, 'थांबल्याचे वेगळे' यावरून जास्त होतात.

---

पितळी_डबा

माकडांचं कुणीच बोललं नाही, म्हणून. हातात पिशवी नको, चेनची सॅक आणि ती पुढे अडकवलेली. उघड्यावर मुलांच्या हातात बिस्किटाचा पुडा किंवा चिक्की देऊ नका. चिक्की निघताना घ्या आणि सॅकच्या आत ठेवा. माकडाने काही ओढलं तर सोडून द्या, खेचाखेचीत चावतं. डोळ्यात डोळे घालून दात दाखवून हसायचं नाही, त्यांच्या भाषेत ती धमकी. चावलं किंवा ओरखडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका, गावात नगरपरिषदेचा दवाखाना आहे तिथे जा आणि रेबीजच्या लसीचं त्याच दिवशी विचारा. छोटा ओरखडा म्हणून सोडू नका.

वर्गात वाटायला चिक्की घेणार असाल तर शेंगदाण्याची अॅलर्जी कुणाला आहे का हे बाईंना विचारून घ्या. तिळाची किंवा राजगिऱ्याची बरी.

---

रुळांच्या_कडेने

गुरुवार झाला तर पूर्ण गाडीचा विचार पुन्हा डोक्यात येईल, म्हणून सांगतो: तरीही वर जाताना शटलच. फार तर बाबा, मुलगा आणि आतेभाऊ या तिघांनी उतरताना दुपारच्या नेरळ गाडीचं तिकीट मिळतंय का ते माथेरान स्टेशनवर बघावं. तीन तिकिटं मिळायची शक्यता आठपेक्षा बरी, उतारावर वेळही थोडा कमी लागतो. मिळालं तर बाकीचे टॅक्सीने आधी नेरळला पोचतील आणि चहा पिऊन फलाटावर वाट बघतील. मुलाला हे आधी सांगू मात्र नका. हातात तिकीट आल्यावरच सांगा.

ती गाडी नाही मिळाली तर परतीला शटलची संध्याकाळची मोठी रांग टाळायला साडेतीन-चारच्या आसपासची पकडा. चालत जायचं ठरलं तर रुळांतून चालू नका, सगळे चालतात म्हणून तेही चालावंसं वाटतं. गाडी वळणावर अगदी जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही. बाजूचा रस्ता आहे.

नेरळहून मुंबईकडे येणारी लोकल संध्याकाळी कर्जतहूनच भरून येते, आजोबांना बसायला मिळणार नाही. वेळ असेल तर उलट्या दिशेने कर्जतला जा, मध्ये फक्त भिवपुरी रोड, पंधरा-वीस मिनिटं. तिथून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसून या. तिकीट मात्र नेरळ ते कर्जत आणि कर्जत ते डोंबिवली असं काढा. नुसत्या नेरळ-डोंबिवली तिकिटावर कर्जतला टीसी भेटला तर आठ जणांचा दंड होतो.